कोरडा शिक्का

माझं टेबल रजिस्ट्रारच्या ऑफिसात, खिडकीशी.
त्यावर ओतीव लोखंडाचा प्रेस,
दांडा हात लागून लागून गुळगुळीत, उसाच्या कांड्यासारखा.
शाई लागत नाही. कागद सरकवायचा, दाबायचं,
आणि पांढऱ्यावर पांढरं उमटतं विद्यापीठ:
नांगर, उघडं पुस्तक, अर्धा सूर्य,
भोवती लॅटिन. अर्थ असा की
नांगरता नांगरता आम्ही शिकतो.
एकोणीस वर्षं झाली मला नेब्रास्कात,
वीतभर जमीनही नांगरलेली नाही.

मे महिन्यात दिवसाला तीनशे पदव्या.
रात्री उजवा खांदा बोलतो.
माझ्या आधीच्या हॅरिएटबाईंचाही बोलायचा म्हणे.
जाताना त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या:
दांडा अर्ध्यावर सोडायचा नाही,
आणि डावीकडे, सूर्याखाली, एक पुटकुळी उठते,
ती दोष धरायची नाही. साचा जुना आहे.

शताब्दीच्या जाडजूड पुस्तकात
स्थापनेला पाच ओळी.
सरकारने जमीन दिली. जमीन विकली. विटा आल्या.
पहिल्या वर्षी अकरा मुलं, एक खेचर.
खेचराचं नाव दिलंय: जेरुशा.
जमीन कुणाची होती, ते नाही.
बाबा तलाठी होते, चंदगडकडे.
ते असते तर चष्मा कपाळावर सारून
एवढंच विचारते, फेरफार कुठाय?

पण मी कोण बोलणारी.
शनिवारी स्टेडियमवर मोहरी रंगाचा बैल नाचतो,
आत कुणीतरी सेकंड इयरचा पोरगा घामाने निथळत,
आणि सत्तर हजारांत मीही उभी राहून ओरडते.
मोहरी रंगाचा स्वेटर आहे माझ्याकडे. ऊबदार आहे.

परवा मरीसा डेरॉइन आली,
मृदाशास्त्राची, ओक्लाहोमात रेड रॉकची.
पदवी टपालाने नको, हातात हवी.
म्हणाली, आजीची पणजी इथेच जन्मली,
बिग ब्लू नदीच्या वळणावर, आपलं पार्किंग आहे तिथे.
मग सगळ्या ओटो लोकांना दक्षिणेला जावं लागलं.
रागाने नाही म्हणाली. पत्ता सांगावा तशी.

मी दांडा दाबला. कागद दिला.
तिनं बोट फिरवलं. नांगर, पुस्तक, सूर्य,
आणि बोट थांबलं पुटकुळीवर.
दोष नाही तो, मी घाईने म्हटलं, साचा जुना आहे.
माहितीय, ती म्हणाली. पाय आहेत ते.

तळघरातल्या दप्तरखान्यात तिनं अख्खा हिवाळा काढला होता.
पहिल्या शिक्क्यात नांगरामागे एक माणूस होता,
खांद्यावर घोंगडं, पाठमोरा, मावळतीकडे निघालेला.
एकोणीसशे अकरात समितीनं लिहिलं,
लहान आकारात गिचमीड दिसते, आकृती काढावी.
साच्यावर कानस चालवली कुणीतरी.
डोकं गेलं, घोंगडं गेलं.
पावलांशी आल्यावर त्याला जेवायला हाक आली असेल,
किंवा नुसता कंटाळा.

मला काय बोलावं सुचेना.
जुन्या कागदांच्या तळाशी आमच्याकडे मोर्तब असायची,
म्हणजे लेखन इथे संपलं,
खाली कुणी काही घुसडू नये.
अजूनही म्हणतो आम्ही, शिक्कामोर्तब झालं,
विषय संपला.
हे तिला इंग्रजीत सांगायला गेले
आणि मध्येच थांबले.

एक कोऱ्या कागदावर देशील, तिनं विचारलं,
नाव नको, पदवी नको, नुसता शिक्का.
नियमात बसत नाही.
दिला.

बाबांच्या सातबाऱ्यावर एक रकाना असायचा, इतर हक्क.
कूळ, वाट, विहिरीतलं पाणी,
मालकाच्या नावाबाहेरचं सगळं तिथे.
तो वाचल्याशिवाय सही करू नये, ते सांगत.

आज दोनशे चाळीस उरलेत.
कागद दोऱ्याएवढा डावीकडे सरकवते मी हल्ली,
म्हणजे पावलं नीट उठतात.
अंगठा फिरवून बघते.
मग पुढचा.